बर्फातलं रक्त

खांद्याला निळा डबा असला की नंदाबाईशी फालतू बोलायचं नाही, हे घनसावंगी तालुक्यातल्या सगळ्या आशाताईंना ठाऊक होतं. डबा लशीचा. आत चारी बाजूंनी बर्फाच्या चपट्या बाटल्या, मधोमध लस, वरून घट्ट झाकण. नंदाबाई आरोग्यसेविका, उपकेंद्र तिच्या ताब्यात, आणि तो डबा म्हणजे तिचा जीव की प्राण. जीपमध्ये बसली की डबा मांडीवर. शेजारचा माणूस अवघडून एका पायावर उभा राहिला तरी चालेल, डबा खाली इंजिनाच्या उबेला जाणार नाही. एकदा कुण्या पाव्हण्यानं टेकायला म्हणून झाकणावर कोपर ठेवलं. बाईनं त्याला असं काही सुनावलं, की बिचाऱ्याला जायचं होतं लांब, तो जांब समर्थलाच उतरून गेला आणि देवळात जाऊन बसला म्हणे.

हसायचं तर हसा. पण उभ्या नोकरीत तिच्या हातून लशीची एक कुपी वाया गेली नव्हती, आणि हे ती कुणी न विचारताही सांगायची. नवीन पोरींना शिकवताना तर विचारूच नका. बर्फ पेटीतून काढला की लगेच डब्यात टाकायचा नाही, अंगावर घाम येऊ द्यायचा, हलवून बघायचा, आत पाणी वाजलं की मगच. कोवळी लस गोठली तरी मेली आणि तापली तरी मेली. "लेकराला ताप आला तर रडून सांगतं," ती म्हणायची, "लस काय सांगती? सांगा ना! काय सांगती?"

तर अशी ही बाई. आणि कोरोनाची लस आली तेव्हा हिवरवाडीनं तिला पाणी पाजलं. तिची जीप वळणावर दिसली की लोक कपाशीत पळायचे. लस घेतली की माणूस दोन वर्षांत मरतो, पोरंबाळं होत नाहीत, काय काय उठवलं होतं मेल्यांनी. गाव हललं ते गावातल्या सर्जेरावच्या म्हाताऱ्या आईमुळं. म्हातारी काठी टेकत शाळेत आली, खुर्चीवर बसली आणि दंड पुढं करून म्हणाली, "मला टोच आधी. मी मेले तर मरू दे, माझं झालंय समदं. न्हाई मेले तर हे येतील." ती काही मेली नाही. गाव आलं. पहिला डोस झाला, दुसरा झाला, आणि नंदाबाईनं तालुक्याच्या बैठकीत हिवरवाडीचं नाव छाती फुगवून घेतलं.

पुढं संक्रांतीच्या सुमारास तिसरी लाट आली. बहुतेकांचं सर्दीखोकल्यावर निभावलं. म्हातारीचं नाही निभावलं. ताप आला, धाप लागली, आणि जालन्याला न्यायची गाडी ठरेपर्यंत ती गेली. नंदाबाई मातीला गेली होती. सर्जेराव तिच्याशी काही बोलला नव्हता, पण मातीच्या दिवशी कोण काय बोलतं?

चैत्रात जालन्याच्या एका प्रयोगशाळेची माणसं आली. त्यांना हिवरवाडीचं रक्त हवं होतं, आणि मंठ्याकडच्या एका गावाचं. या प्रकल्पाचा शास्त्रज्ञ मुकुल, वयानं पोरगेलासा, चष्मा सारखा वर सारणारा. आणि गावोगाव फिरून माणसं गोळा करणारा प्रितम, तो परतूरकडचा, बोलायला मोकळा. जरा जास्तच मोकळा, ते पुढं कळेलच.

मुकुलनं नंदाबाईला नीट समजावलं. आजार होऊन गेला किंवा लस घेतली, की रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी त्या विषाणूची ओळख धरून ठेवतात. रक्तातून त्या पेशी वेगळ्या काढायच्या, बारीक खळगे असलेल्या तबकडीत ठेवायच्या आणि त्यांच्यापुढं विषाणूचे तुकडे टाकायचे. तुकडे बनवलेले, त्यांनी काही होत नाही. पण पेशीनं ते ओळखले की ती चवताळते, अंगातून एक द्रव्य सोडते, आणि त्या जागी निळा ठिपका उमटतो. ते ठिपके मोजायचे. जितके ठिपके, तितक्या ओळख धरून बसलेल्या पेशी.

"म्हंजे दगड मारलेला माणूस कुत्रं बराबर वळखतं, तसं," नंदाबाई म्हणाली.

"अगदी तसंच, सिस्टर," मुकुल म्हणाला आणि हसला. तिला तो आवडला.

लोकांना तिनंच तयार केलं. सर्जेराव आला, त्याची बायको बेबीनंदा आली, ऑक्सिजनवर राहून परत आलेला दूधडेअरीचा अण्णासाहेब आला, आणखी बरेच आले. उपकेंद्रात रक्त काढलं, नळ्या भरल्या. प्रितमनं त्या एका थर्माकोलच्या खोक्यात रचल्या, म्हणाला, "सिस्टर, गाडी येईपर्यंत खोकं असंच सावलीत राहू द्या, याला काही करायचं न्हाई," आणि दुसऱ्या गावाला पळाला.

गाडी काही येईना. उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा झाला होता, त्याच्या अल्याड गाडी, पल्याड उपकेंद्र. वर पत्रा तापलेला, आत भट्टी. नंदाबाईनं खोक्याचं झाकण उघडून एका नळीला हात लावला. कोमट! या शिकलेल्या पोरांना अक्कल म्हणून नाही. एवढ्या लोकांचं रक्त, एवढ्या मिनतवारीनं काढलेलं, आणि उन्हाळ्यात असं उघड्यावर? ती उठली, तिनं बर्फ काढला, घाम येऊ दिला, हलवून पाणी वाजतंय का ते ऐकलं, आणि सगळ्या नळ्या आपल्या निळ्या डब्यात चारी बाजूंनी बर्फ लावून बसवल्या. मग तिला कुठं बरं वाटलं. संध्याकाळी गाडी आली तेव्हा तिनं नळ्या परत खोक्यात ठेवल्या, कारण डबा दुसऱ्या दिवशीच्या सत्राला लागणार होता. ड्रायव्हरला म्हणाली, "जल्दी जाय बाबा, तापू देऊ नको." यात काही चुकलं असेल असं तिच्या मनाला शिवलंही नाही. कसं शिवणार?

मग काही आठवडे गेले, आणि सर्जेरावनं प्रितमच्या फोनचा पिच्छा पुरवला. आमचं काय निघालं? लस हाय का अंगात? प्रितमनं टाळलं, पुन्हा टाळलं, आणि एक दिवस तोंड उघडलंच. "काका, मंठ्याकडच्या गावाचे ठिपकेच ठिपके आल्ते. तुमच्या गावाचं काहीच न्हाई. लस दिली होती की न्हाई असं वाटू राह्यलं तबकडी बघून."

बस. एवढंच वाक्य. पण ते गावात शिरलं ते वाऱ्यासारखं. सकाळी डेअरीवर "लस उन्हात नासली होती" असं होतं, दुपारी पानटपरीवर "सिस्टरनं नुसतं पाणी टोचलं" असं झालं, आणि दिवस मावळेपर्यंत "खरी लस खासगीत विकली" इथपर्यंत मजल गेली. नंदाबाईला सांगितलं ते आशाताईनं, मान खाली घालून. नंदाबाई हसली आधी. खरंच हसली. मी? लस उन्हात?

हसू पुढच्या बुधवारी मावळलं. बुधवार लसीकरणाचा. अंगणवाडीत टेबल मांडलं, डबा ठेवला, आणि ती बसून राहिली. एक बाई फिरकली नाही. आशाताई घरोघर जाऊन आली, रिकाम्या हातानं. पाळण्यातली पोरं घराघरात होती, त्यांच्या तारखा उलटून चालल्या होत्या, आणि जालन्याच्या बाजूला गोवर निघाल्याचं कानावर येत होतं. नंदाबाई न उघडलेल्या कुप्या घेऊन परत आली. त्या दिवशी ती जीपमध्ये कुणावर खेकसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती सर्जेरावच्या घरी गेली. त्याची सून रूपाली ओसरीवर नऊ महिन्यांच्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. गोवराची सुई याच महिन्यात द्यायची. नंदाबाईनं नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "काय गं, काल आली न्हाईस?" रूपालीनं पदर पोरीच्या अंगावर ओढून घेतला, जणू बाईची नजर लागेल. उत्तर आतून आलं.

"न्हाई आली अन् येणार बी न्हाई." सर्जेराव दारात उभा होता. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, नंदाबाई भांडणाला कधी भ्यायली नव्हती. "सिस्टर, माझ्या मायला तुमीच टोचलं. तिनं दंड पुढं केला तवा मी बाजूलाच होतो. सांगा मला, सुईत काय होतं?"

"लस होती, सर्जेराव."

"मंग ती गेली कशी?"

आता याला काय सांगायचं? लस घेतलेलीही माणसं गेली, म्हातारं शरीर होतं, दमा होता, सगळं खरं. पण मेलेल्या आईच्या लेकाला दारात उभं राहून हे सांगता येत नाही. नंदाबाई तशीच वळली. रस्त्यानं चालताना तिला स्वतःचाच राग आला की आपण गुन्हा केल्यासारखे का चाललो आहोत.

इकडे जालन्याला मुकुलचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. हिवरवाडीच्या तबकड्या त्यानं पुन्हा काढून बघितल्या होत्या. प्रत्येक माणसाचा एक खळगा तपासणीपुरता असतो. त्यात असं औषध टाकतात की जिवंत पेशी ओळख असो नसो, खडबडून उठतेच. तिथं ठिपके होते, पण मरतुकडे. चालवून घ्यावेत इतपत, म्हणून आधी चालवून घेतले होते. मग त्याची नजर अण्णासाहेबाच्या रांगेवर गेली. हा माणूस कोरोनानं मरता मरता वाचलेला. लशीचं सोडा, आजाराची तरी ओळख याच्या पेशींना असायलाच पाहिजे. तिथंही काही नाही. एकही नाही. मग लस खोटी नव्हती, पेशीच झोपल्या होत्या. पेशी का झोपतात, हे त्याला ठाऊक होतं. तो गाडी काढून थेट उपकेंद्रात आला.

"सिस्टर, त्या दिवशी गाडीला उशीर झाला. तोवर नळ्या कुठं होत्या?"

"बर्फात," नंदाबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. निदान एक माणूस तरी बरोबर प्रश्न विचारत होता. "तुमच्या प्रितमनं खोकं उघड्यावर सोडलं होतं. मी समद्या नळ्या माझ्या डब्यात घातल्या. चारी बाजूंनी बर्फ लावला. बिलकुल तापू दिलं न्हाई."

मुकुलनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिनं विचारलं, "काय झालं?"

"सिस्टर, हे रक्त गार करायचं नसतं. सावलीत, साध्या हवेत ठेवायचं. या पेशी लशीसारख्या नाहीत. थंडीनं गारठतात. काही मरतात, बाकीच्या जाग्याच होत नाहीत. मग विषाणूचे तुकडे दाखवले काय, न दाखवले काय."

नंदाबाई टेबलाला धरून खाली बसली. आपण केलं. आपल्या हातानं केलं. उभ्या जन्मात जे केलं, तेच त्या दिवशी केलं, आणि त्यानंच आपली अब्रू गेली. तिला रडायला आलं नाही, संताप आला; पण संताप कुणावर काढायचा ते समजेना. प्रितमवर काढावा, तर त्यानं सांगितलं होतंच की काही करू नका. तिनंच त्याला येडं ठरवलं होतं.

"पुन्हा रक्त घेऊ," मुकुल म्हणाला. "या वेळी गाडी माझ्यासोबत. सगळं नीट निघेल, मला खात्री आहे. फक्त लोकांनी दिलं पाहिजे."

"कोण देईल? माझ्या हाताला आता कोण हात लावून घेईल?"

"आपण सांगू की आमचं मशीन बिघडलं होतं. तुमचं नाव यात आणायचीच गरज नाही. मी सांगतो, मी."

खोटं होतं. पण काय गोड खोटं होतं! नंदाबाईच्या मनावरचं ओझं एकदम उतरल्यासारखं झालं. चूक झाली म्हणून गावापुढं बोलायचं, तर गाव कुठली चूक आणि कशाची, हे ऐकत बसणार आहे का? सिस्टर म्हणाली चुकलं, एवढंच ऐकतील, आणि लस चुकली असंच समजतील. त्यापेक्षा मशीन बरं. मशीनला कुठं अब्रू असते? ती म्हणाली, "चालंल. मशीनच सांगा."

बैठक भरली बुद्धविहारापुढच्या मोकळ्या जागेत, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. बाया एका अंगाला, गडी एका अंगाला. अण्णासाहेब खुर्चीवर, सर्जेराव मुद्दाम पुढच्या रांगेत. नंदाबाई आशाताईंच्या घोळक्यात मागं बसली होती. मुकुल उभा राहिला आणि त्यानं ठरल्याप्रमाणं सांगितलं. यंत्रात बिघाड झाला, दिलगीर आहोत, तुमचे ठिपके उमटले नाहीत ते त्यामुळं, पुन्हा थोडं रक्त लागेल. बोलला चांगला. लोकांच्या माना हलायला लागल्या होत्या. नंदाबाईला वाटलं, पार पडलं.

"एक इचारू का, साहेब?" सर्जेराव उठला. "मंठ्याकडच्या गावाचं रक्त कोणत्या मशीनवर तपासलं?"

मुकुल गडबडला. "त्याच... म्हणजे..."

"त्याच ना? त्याच हप्त्यात? मंग त्यांच्यापुरतं मशीन बराबर अन् आमच्यापुरतं बिघडलं? आमी शिकलेलो न्हाई एवढे, पण येडे बी न्हाई. कुणाला झाकून राह्यले तुमी?"

मुकुलची नजर नको तिथं गेली. मागं. आशाताईंच्या घोळक्यात. आणि गावाची नजर त्याच्या नजरेमागून गेली.

झालं! पोराला खोटंसुद्धा धड बोलता आलं नाही. नंदाबाई उठली. उठायचं असं तिनं ठरवलं वगैरे काही नव्हतं, पण बसून राहणं त्या नजरांखाली शक्यच नव्हतं. "मशीन बिघडलं न्हवतं," ती म्हणाली. "माझं चुकलं."

एक बाई "अगं बाई" म्हणाली, तेवढंच.

"तुमचं रक्त काढल्यावर गाडी आली न्हाई. मला वाटलं उन्हानं नासंल. मी ते बर्फात घातलं, माझ्या डब्यात, लस ठेवते तसं. घालायचं न्हवतं. रक्ताला थंडी चालत न्हाई, मला ठाऊक न्हवतं. मला सांगितलं होतं काही करू नका, मी ऐकलं न्हाई. म्हणून ठिपके आले न्हाईत. त्या साहेबांची चूक न्हाई, मशीनची न्हाई. माझी."

"ऐकलं का?" सर्जेराव गावाकडं वळला. "कबूल झाली! स्वतःच्या तोंडानं! आज म्हंती रक्तात चुकलं, उद्या म्हनंल लशीत चुकलं..."

"अवो, जरा गप बसा."

हा आवाज बायकांच्या बाजूनं आला. बेबीनंदा. सर्जेरावची बायको. चार माणसांत नवऱ्याला गप बस म्हणणारी बाई हिवरवाडीत दुसरी नव्हती, आणि बेबीनंदानंही हे आजवर घरातच म्हटलेलं होतं. ती गुडघ्यावर हात रेटून उभी राहिली.

"काय गप बस? माझी माय गेली!"

"माझी सासू गेली. तिची उष्टी-खरकटी, तिची आंघोळ मीच केली. मला शिकवू नका." तिनं पदर खोचला. "या बाईनं रक्ताला बी बर्फ लावला. रक्ताला! कुणी सांगितलं न्हवतं तरी लावला. हिला गार केल्याबगर राहवत न्हाई. अशी बाई लस उन्हात ठेवंल? तुमीच सांगा, ठेवंल का?"

पहिल्यांदा अण्णासाहेबाला हसू फुटलं. मग बायकांत पसरलं, मग गड्यांत. कुणीतरी ओरडलं, "बेबीताई, परवा माझ्या हातातला चहा बी गार करत होती ती!" आणि सगळं गाव खो खो हसलं. नंदाबाईला हसावं की मरावं कळेना. आयुष्यात तिच्यावर इतकं कुणी हसलं नव्हतं, आणि इतकं बरंही तिला कधी वाटलं नव्हतं. सर्जेराव तेवढा हसला नाही. तो खाली बसला आणि हातानं माती उकरत राहिला.

पुन्हा रक्त घेतलं. सगळ्यांनी दिलं नाही, पण बऱ्याच जणांनी दिलं. अण्णासाहेबानं पहिला हात पुढं केला. बेबीनंदानं दिलं. या वेळी मुकुल स्वतः खोक्याशेजारी बसला होता आणि नंदाबाई समोरच्या बाकावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. पत्र्याखाली रक्त तसंच उघड्यावर बघताना तिचा जीव तुटत होता. मधेच तिनं विचारलं, "निदान ओलं फडकं तरी?" मुकुल नाही म्हणाला.

ठिपके निघाले. अण्णासाहेबाचे तर मोजता मोजता नाकी नऊ आले, आजाराचेही आणि लशीचेही. लस विषाणूच्या एकाच भागाची ओळख करून देते, आजार बाकीच्या भागांचीही, म्हणून दोन्ही वेगळे कळतात. ज्यांना आजार झालेला नव्हता त्यांचे फक्त लशीचे, पण होते, मंठ्याकडच्या गावाइतकेच. मुकुल हे सांगायला स्वतः आला. आशाताईनं घरोघर जाऊन सांगितलं. लोक म्हणाले, बरं झालं. कुणी म्हणालं, आमी कुठं काय म्हटलं होतं? पानटपरीवर तर जो तो म्हणत होता की आपण पहिल्यापासून सिस्टरच्याच बाजूचे. नंदाबाईचं डोकं असं फिरलं की त्यातल्या एकेकाच्या तोंडावर त्याचं जुनं बोलणं फेकावं. पण फेकून काय होणार होतं?

सर्जेरावनं रक्त दिलं नव्हतं. मुकुल त्याच्या घरी गेला, नंदाबाईही सोबत गेली. मुकुलनं त्याला फोनमधला तबकडीचा फोटो दाखवला, बेबीनंदाचे ठिपके दाखवले, म्हणाला, "हे बघा काका, लस खरीच होती." सर्जेरावनं बराच वेळ फोटो बघितला. मग फोन परत दिला.

"हे हिचं हाय," तो म्हणाला. "माझ्या मायचं कुठून काढू?"

मुकुलनं फोन खिशात घातला. नंदाबाई म्हणाली, "ज्या कुपीतून तुमच्या मायला दिली, त्याच कुपीतून बेबीनंदाला दिली, सर्जेराव. माझ्या हातानं." सर्जेराव तिच्याकडं बघत राहिला. विश्वास ठेवावा असं त्याला वाटत होतं, हे तिला दिसलं. आणि ठेवता येत नाही, हेही दिसलं. "असंल," तो म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतरच्या बुधवारी अंगणवाडीत बाया आल्या. नेहमीपेक्षा थोड्या कमी, पण आल्या. नंदाबाईनं टेबल मांडलं. रूपाली शेवटी आली, पोरीला काखेत घेऊन, आणि टेबलापासून हातभर लांब उभी राहिली.

"मामंजींनी सांगितलंय," ती म्हणाली, "आधी बघून घे."

"काय बघून घे?"

रूपाली डब्याकडं बघत राहिली.

नंदाबाईच्या कानशिलाची शीर उडाली. या डब्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती आजवर. आशाताईनं डोळे मिटून घेतले, आता काय ऐकायला मिळतं म्हणून. नंदाबाईच्या तोंडावर आलं होतं सगळं. रूपालीच्या सासूनं, बेबीनंदानं, भर गावात काय सांगितलं तेही. पण पोरगी काखेत होती, नऊ महिने उलटलेली, दोन दात आलेली, आणि तिची सुई राहिली होती.

तिनं झाकण उघडलं. वरचा स्पंज बाजूला केला. "घाल हात."

रूपालीनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि हात आत घातला, बर्फाच्या दोन बाटल्यांच्या मधोमध, मनगटापर्यंत. तशीच धरून उभी राहिली. बोटं दुखेपर्यंत. मग हात काढला, पोरीच्या गालाला लावला. पोरगी दचकली.

"गार हाय," रूपाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते, कशानं ते तिलाच ठाऊक. "टोचा."

नंदाबाईनं सुई भरली आणि टोचली. पोरगी रडली, गप झाली. रूपाली बाजूला सरकली, आणि तिच्या मागची बाई, जिच्या लेकराला मागच्या महिन्यापर्यंत नंदाबाईनं न विचारता टोचलं होतं, तिनं पुढं होऊन काही न बोलता डब्यात हात घातला. तिच्या मागची पदर आवरून तयारच उभी होती. यापुढं हे असंच चालणार, दर बुधवारी, हे नंदाबाईला त्या घडीला उमगलं. तिच्या शब्दावर आता हिवरवाडीत सुई चालणार नव्हती. तिला गलबलून आलं. तिनं नाक ओढलं आणि टेबलावर थाप मारली.

"हात घालायचा तर जल्दी घाला अन् झाकण लावा," ती खेकसली. "गारवा चाललाय समदा!"